डिझेल पंप गळतोय: पाना स्वतः घ्यायचा की पंप दुकानात द्यायचा?

बॉनेट उघडलं की डिझेलचा वास, पंपाच्या खालच्या अंगाला कायम ओलं, आणि गाडी उभी करायच्या जागेवर रोज एक नवा काळा डाग. हे दिसायला लागलं की प्रश्न एकच, आपल्याच्याने होईल का पंप काढून दुकानातच द्यायचा? आणि विचारायला गेलं तर उत्तरं पण दोन टोकाची मिळतात. एक जण म्हणणार अरे ओरिंग (सांध्यात बसते ती रबराची गोल कडी) तर बदलायचीये, अर्ध्या तासाचं काम. दुसरा म्हणणार बाबा रे पंपाला हात लावू नकोस, पस्तावशील. खरं सांगायचं तर दोघंही आपल्या जागी बरोबर असतात, फक्त दोघांनी बघितलेली गळती वेगवेगळ्या जागेची असते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की घरी का दुकानात हा विचार नंतर करा, आधी थेंब नेमका कुठून निघतोय ते शोधा. जागा कळली की पुढचं जवळपास आपोआप ठरतं.

आधी पंप काय करतो ते बघू, कारण ते कळल्याशिवाय कुठली गळती साधी आणि कुठली अवघड हे कळणार नाही. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती लालबुंद तापते आणि त्या तापलेल्या हवेत अगदी बरोबर क्षणाला, मोजून, धुक्यासारखं बारीक डिझेल मारायचं असतं. किती मारायचं, कधी मारायचं आणि किती प्रेशरने ढकलायचं ही तिन्ही कामं जुन्या मेकॅनिकल इंजिनात एकटा पंप करतो. बॉशने १९२७ साली इनलाइन पंप कारखान्यात बनवायला सुरुवात केली, त्यात प्रत्येक सिलिंडरला एक प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारा दट्ट्या, आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल, या जोडीला आपण एलिमेंट म्हणतो. नंतर रोटरी पंप आले, त्यात सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटायचं काम एकच जागा करते, आणि जुन्या कार, जीप, छोटे टेम्पो, ट्रॅक्टर यांच्यावर बऱ्याचदा तोच दिसतो.

आता मुख्य गोष्ट. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट असते फक्त दोन-तीन मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. एवढी घट्ट घासून जुळवलेली जोडी असते म्हणून तर ती शेकडो बार प्रेशर धरते, तिथे रबर वगैरे काही नसतंच, लोखंडावर लोखंड हेच सील. मग रबराच्या ओरिंगा आणि सील कुठे असतात? तर पंपाच्या बाहेरच्या डब्याला. रोटरी पंपाच्या डब्यात डिझेल भरलेलं असतं आणि त्याचं प्रेशर आयडलिंगला दोन-तीन बार, रेव्ह (इंजिनाचे फेरे) वाढतील तसं अजून थोडं, बस. म्हणजे बाहेर दिसणारी गळती ही बऱ्याच वेळा या कमी प्रेशरच्या डब्याची गळती असते आणि पंपाचं काळीज आत धडधाकट असतं. उलट एलिमेंट झिजलेला पंप बाहेरून एकदम कोरडा ठणठणीत दिसू शकतो. हे लक्षात घेतलं की "पंप गळतोय म्हणजे पंप गेला" हे वाक्य किती घाईचं आहे ते कळतं, आणि याच घाईत लोक चांगले पंप बदलून बसतात, ते बघून खरंच वाईट वाटतं.

रबर का जातं? वय आणि उष्णता ही दोन कारणं सगळ्यांना माहिती आहेत. तिसरं आहे डिझेल बदलणं. जुन्या डिझेलमध्ये अ‍ॅरोमॅटिक नावाचे घटक जास्त असायचे आणि ते नायट्राइल रबराला थोडं फुगवून ठेवायचे, फुगलेलं रबर आपली जागा घट्ट धरून बसायचं. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी सल्फरचं डिझेल आलं, ते शुद्ध करताना हे घटकही कमी झाले, आणि वर्षानुवर्षं फुगून कडक झालेल्या ओरिंगा आकसल्या आणि चांगले चालणारे पंप गळायला लागले. म्हणून नवीन किट घेताना व्हायटन रबराचं आहे का हे विचारायचं, त्याला या बदलाचा आणि बायोडिझेलचा त्रास खूप कमी होतो. गाडी महिनोन्महिने उभी असेल तरी सील सुकतात, ते वेगळंच.

आता गळती शोधणं, आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणेन. डिझेल पातळ असतं, ते वर कुठेतरी निघतं, पंपाच्या अंगावरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टच्या टोकाला लटकतं. थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, ती त्याच्या वर असते. इंजिन पूर्ण गार झाल्यावर पंप, पाइप, नळ्या सगळं ब्रश मारून साफ करा, पुसा, हवा मारून खडखडीत कोरडं करा. (चालू इंजिनाच्या गरम पंपावर गार पाण्याचा फवारा कधीही मारू नका, बाहेरची बॉडी अचानक आकसते, आतला भाग गरमच असतो आणि दोन-तीन मायक्रॉनची फट क्षणात बंद होऊन पंप जाम होतो.) मग सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरवा, इंजिन सुरू करा आणि बॅटरी घेऊन शांतपणे बघत रहा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होईल ती जागा.

मी एकदा पुढचं शाफ्ट सील (पंप फिरवणाऱ्या दांड्याभोवतीचं) गेलंय असं धरून बसलो होतो. पंपाच्या तोंडाशी खालून सगळं चिंब होतं, नवीन सील पण आणून ठेवलेलं, दुसऱ्या दिवशी पंप उतरवायचा बेत. रात्री सहज पावडर मारून बघितली तर दहा मिनिटांनी पांढऱ्या पावडरवर करंगळीएवढी ओली रेघ उमटली, आणि ती रेघ बोटाने मागे मागे नेत गेलो तर वर इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) रिटर्नच्या, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या, बारीक नळीपाशी पोचलो. बाहेरून कापडाची वेणी असते ना ती नळी. चिमटीत दाबली तर भिजलेल्या वातीसारखं त्या कापडातून डिझेल सुटत होतं. वीतभर नळी बदलली, काम संपलं, पंपाचा एक बोल्टही सैल केला नाही. तेव्हापासून रिटर्नच्या नळ्या तपासल्याशिवाय मी पंपाकडे बघतच नाही.

पण एक गोष्ट जिवावरची आहे म्हणून इथेच सांगतो. पंपापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांत शेकडो बार प्रेशर असतं, त्याच्या नटाजवळ किंवा चिरेजवळ चालू इंजिनात बोट फिरवून गळती शोधायची नाही. बारीक छिद्रातून येणारी धार डोळ्याला दिसत नाही आणि ती सुईसारखी कातडीतून आत शिरते. सुरुवातीला फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात सुजतो, आतलं मांस मरायला लागतं. असं झालं तर दुखायची वाट न बघता लगेच हॉस्पिटल, आणि डॉक्टरना स्पष्ट सांगायचं की प्रेशरने डिझेल आत गेलंय, साधी जखम नाही. बोटाऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवा, पुठ्ठा ओला होईल. चष्मा घाला.

आणखी एक प्रकार असतो ज्यात थेंब पडतच नाही. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत बऱ्याच गाड्यांत ओढ असते, तिथला जोड सैल असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सकाळी भरपूर सेल्फ मारावा लागतो, सुरू झाली की दोन मिनिटं अडखळते आणि मग ठीक चालते. पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती लावून बघा, बुडबुडे दिसले तर हवा घेतेय. हे काम शंभर टक्के घरचं.

आता घरी काय काय करता येतं. माझा नियम असा की जो जोड सोडल्याने पंपाची कुठलीही सेटिंग हलत नाही, तो आपण करावा. रिटर्नच्या नळ्या, क्लिपा, फीडचे (टाकीकडून येणाऱ्या नळीचे) जोड, बँजो बोल्टखालची (आतून पोकळ, डिझेल जाऊ देणारा बोल्ट) तांब्याची वायसरं, स्टॉप सोलेनॉइडची (इंजिन बंद करायला डिझेल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) ओरिंग, हे सगळं यात येतं. तांब्याचं वायसर एकदा दाबलं गेलं की कडक होतं, म्हणून नवीनच टाका, अगदीच अडलं तर जुनं लाल होईपर्यंत तापवून गार केलं की पुन्हा मऊ होतं. थ्रेडवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचा एक धागा आत गेला तर थेट इंजेक्टरच्या नोझलच्या छिद्रात जाऊन बसतो. बाहेरून सिलिकॉन किंवा एपॉक्सी थापायचा पण मोह होतो. डिझेल त्याच्या खालून वाट काढतं, आणि नंतर ते खरवडताना कचरा पंपात पडतो, तेव्हा नको.

डिलिव्हरी व्हॉल्व्हचे होल्डर, म्हणजे ज्यावर लोखंडी पाइप बसतात ते, सीमारेषेवर आहेत. त्याखालचं वायसर बदलता येतं, पण एका वेळी एकच उघडा, त्यातला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग त्याच जागी परत गेली पाहिजे, एकीची दुसरीकडे नको. आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोराएवढंच आवळता येतं तो) नसेल तर हात लावू नका. इनलाइन पंपात हा होल्डर जास्त आवळला तर खालचं बॅरल किंचित वाकडं होतं, प्लंजर अडकतो, त्याच्याबरोबर रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकतो, आणि रॅक फुल डिझेलच्या जागी अडकला तर इंजिन बेफाम रेव्ह घेतं. टॉर्कचा आकडा त्या त्या पंपाच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा, कुणी तोंडी सांगितलेला नाही.

रोटरी पंपात सगळ्यात जास्त गळणारी जागा म्हणजे अ‍ॅक्सिलेटर लिव्हरचा शाफ्ट. दिवसभर तोच फिरत असतो, त्याची ओरिंग झिजते, शाफ्टभोवती ओलं दिसतं. जमणाऱ्या माणसाने हे घरी केलं तर चालतं, पण लिव्हर शाफ्टवर बारीक दात्यांवर बसलेलं असतं, काढायच्या आधी लिव्हर आणि शाफ्ट दोन्हीवर मिळून एक रेघ ओढायची, फोटो काढायचा. एका मित्राच्या गाडीचं हे काम आम्ही दोघांनी केलं तेव्हा खूण पुसली गेली होती. गाडी सुरू झाली ती थेट वरच्या रेव्हवर गेली, खाली येईचना, स्टॉप केबल ओढून बंद करावी लागली. लिव्हर फक्त एक दात पुढे बसलं होतं. एक दात. शाफ्टच्या आतल्या टोकाला गव्हर्नरची (रेव्ह आवरणारा भाग) स्प्रिंग अडकवलेली असते, टॉप कव्हर उचलताना ती हळूच सोडवायची आणि बसवताना परत अडकवायला विसरायचं नाही. फुल लोडच्या स्क्रूला हात लावू नका, तो फिरला की धूर, पॉवर, मायलेज सगळंच बदलतं. आणि ज्या शाफ्टची बुशच (शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही) झिजून शाफ्ट हलतोय तिथे ओरिंग किती पण नवीन टाका, महिन्याभरात परत ओलं. लिव्हर वरखाली हलवून बघा, खडखड वाटली तर हे काम दुकानाचं.

आता दुकानाची कामं. पुढचं शाफ्ट सील बदलायला बहुतेक वेळा पंप उतरवावा लागतो. म्हणजे टायमिंग बेल्ट किंवा गिअर सोडणं, परत टायमिंग (डिझेल मारायचा क्षण) जुळवणं, काही पंपांना डायल गेज लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बघावं लागतं. बेल्ट दोन-तीन दात चुकला आणि इंजिन असं असेल की ज्यात व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात, तर एका सीलपायी इंजिनाचं हेड उघडावं लागेल. पंपाच्या हेडची मोठी ओरिंग, म्हणजे जिथून लोखंडी पाइप निघतात तो गोल भाग आणि बॉडी यांच्यामधली, तिच्याबद्दल बरेच जण सांगतात की बोल्ट सैल करून हेड थोडं मागे ओढायचं आणि ओरिंग सरकवायची. मी याच्या ठाम विरोधात आहे. आत प्लंजर, स्प्रिंगा, मोजून टाकलेले शिम (पातळ चकत्या) असतात, पंप आडवा असताना हेड थोडं जास्त मागे आलं की यातलं काहीतरी जागा सोडतं, बाहेरून कळत नाही, आणि पहिल्याच सेल्फला आत मोडतोड होते.

आणि कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) प्रेशरचं डिझेल देणारी पद्धत, असेल तर विषयच संपला. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून कॉमन रेल कारमध्ये आलं तेव्हाच प्रेशर १३५० बारच्या आसपास होतं, आता २००० च्या पुढे गेलंय. इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये प्रेशर काही वेळ राहतं, आणि जुन्या इंजिनासारखं चालू गाडीत पाइपचा नट सैल करून हवा काढायची सवय इथे जीव घेऊ शकते. कमी प्रेशरच्या रिटर्नच्या आणि फीडच्या नळ्या बदला, त्याच्या पुढे जाऊ नका. त्यात पंपातून धातूचा चुरा सुटला असेल तर तो रेल, इंजेक्टर, टाकी सगळीकडे फिरतो, म्हणून फिल्टर उघडल्यावर तळाशी चमचमणारी पूड दिसली तर गाडी सुरूच करू नका.

दुकान म्हणजे कुठलं? साधा मेकॅनिक वेगळा आणि पंप रूम वेगळी. पंप रूममध्ये टेस्ट बेंच असतो, त्यावर पंप बसवून मोटरने वेगवेगळ्या रेव्हवर फिरवतात, कॅलिब्रेशनचं खास तेल वापरतात, आणि प्रत्येक लाइनमधून ठरावीक स्ट्रोकमध्ये किती सीसी पडलं ते काचेच्या नळ्यांत मोजतात. सगळ्या नळ्यांत पातळी सारखी दिसली पाहिजे. गव्हर्नर कुठे कट करतो, अ‍ॅडव्हान्स (रेव्ह वाढले की डिझेल किती आधी मारतो) किती येतो, डब्याचं प्रेशर किती, हे सगळं तिथेच कळतं. तुम्ही दुकानाला पैसे देता ते मुख्यतः या मोजण्याचे, ओरिंगचे नाही. म्हणून पंप देताना विचारा की बेंचवर लावणार का, आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून देणार का, किट व्हायटनचं आहे का, बदललेले जुने पार्ट परत मिळतील का, गळती परत आली तर काय. बेंच नाही, फक्त सील टाकून देतो म्हणाला, तर ते काम तुम्ही घरी केल्यासारखंच आहे, फक्त पैसे देऊन. आणि "एलिमेंट पण गेलेत" असं ऐकवलं तर बेंचचा आकडा दाखवायला सांगा, चांगला कारागीर स्वतःहून दाखवतो.

मधला एक रस्ता पण आहे आणि मला तोच सगळ्यात पटतो. पंप आपण उतरवायचा, बेंचचं काम दुकानाने करायचं, बसवायचा परत आपण. यात बरीच मजुरी वाचते. पंप उतरवायच्या आधी इंजिन टायमिंगच्या खुणेवर आणा, पंपाच्या फ्लँजवर (बोल्ट बसतात ती कड) आणि इंजिनवर मिळून छिन्नीने रेघ मारा, मार्करची रेघ डिझेलने पुसली जाते. लोखंडी पाइप सुटले की प्रत्येक उघडं तोंड लगेच झाकण लावून बंद, चिंधी कोंबू नका, तिचे धागे सुटतात. पुली ओढून काढायचा पुलर नसेल तर पुलीवर हातोडा मारू नका.

परत बसवल्यावर पंप कोरडा असताना सेल्फ मारत बसायचं नाही, कारण त्याला वंगण म्हणजे डिझेलच. आधी फिल्टर भरा, हँड प्रायमरने (हाताने दाबायचा छोटा पंप) डिझेल चढवा, एअर स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत. मग मेकॅनिकल इंजिन असेल तर इंजेक्टरकडचे नट अर्धा फेरा सैल करून दहा-पंधरा सेकंद सेल्फ, थोडं थांबून परत, नटापाशी डिझेल आलं की आवळा. कव्हर किंवा लिव्हर उघडलं असेल तर पहिल्या स्टार्टच्या वेळी एक जण हवेच्या तोंडापाशी लाकडी फळी घेऊन उभा पाहिजे, एअर फिल्टरची नळी काढून ठेवलेली. रेव्ह सुटले आणि स्टॉप चालला नाही तर फळी तोंडावर दाबायची, हवा बंद, इंजिन बंद. हात किंवा कापड अजिबात लावायचं नाही, ओढून घेतं.

आणि पुढचा आठवडाभर रोज सकाळी डिपस्टिक काढा. काही पंपांचं पुढचं सील बाहेर न गळता आत, टायमिंग गिअरच्या बाजूला गळतं आणि डिझेल सरळ इंजिन ऑइलमध्ये उतरतं, इनलाइन पंपाचे एलिमेंट झिजले तरी काहींत तसंच होतं. खाली जमीन कोरडी, पण ऑइलची पातळी वर चढत जाते. बोटावर घेतलं तर पातळ लागतं आणि डिझेलचा वास येतो. असं दिसलं तर गाडी चालवत दुकानापर्यंत पण नेऊ नका, त्या पातळ ऑइलवर बेअरिंग जातात. पंप जागेवरच उतरवा, आणि सीलबरोबर ऑइल आणि ऑइल फिल्टर पण नवीन टाका.